कार्ड परत करायच्या दिवसापासून सुरुवात करा

ताई,

मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते आणि यंदा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळावर निवडून आले आहे. आमच्याकडे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसाठी खुली आहे, शिवाय कंपनी आम्हाला खासगी आरोग्य विमा देते. कंपन्यांच्या या विम्यासाठी आता सरकार नवे नियम करतंय आणि मसुद्यावर कर्मचाऱ्यांचंही मत मागवलं आहे. मंडळात सरळ दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, कंपनी स्वतःच्या पैशाने देते, सरकारने त्यात पडू नये. दुसरा म्हणतो, हा विमाच बंद करा, त्याने सरकारी रुग्णालयं पोखरली जातात. मत लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

खरी अडचण मात्र घरातली आहे. मागच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन या विम्यावर नवव्या दिवशी झालं. माझी धाकटी बहीण सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या वॉर्डात त्याच ऑपरेशनसाठी बायका सात-सात महिने थांबतात. मला भेटायला आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझे सर्जन मला माहीत आहेत, सकाळी ते आमच्याकडे असतात." तेव्हापासून हा विषय आमच्यात निघत नाही. मी चुकले का? आणि मत काय लिहू?

तुमची एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

आधी घरातल्या प्रश्नाबद्दल, कारण पत्रात तो शेवटी आला असला तरी तुम्हाला जास्त तोच छळतोय. तुम्ही चुकला नाहीत. पोटात कळ येत असताना समोर असलेला उपचार घेणं हा कुणाचाही गुन्हा नाही. तुम्ही सात महिने कळा सोसल्या असत्या, तरी बहिणीच्या वॉर्डातल्या एकाही बाईचा नंबर त्यामुळे वर सरकला असता असं ठामपणे म्हणता येत नाही. तो नंबर सरकतो की नाही, हे रुग्णाच्या हातात नसतं, ते नियमाने ठरतं. आणि आता त्या नियमावर मत द्यायची संधी तुमच्याकडे आली आहे. बहिणीचं वाक्य मनाला टोचलं असेल, पण ते जपून ठेवा. तुमच्या मसुद्यातली सगळ्यात मोलाची माहिती तेच वाक्य आहे. त्याकडे पुढे येते.

पहिला गट म्हणतो, कंपनीचे पैसे, कंपनीची मर्जी. हे म्हणणं कुठून आलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १९४२ साली, ऐन महायुद्धात, महागाई आवरायला सरकारने पगारांवर मर्यादा घातली. कारखान्यांना माणसं तर हवी होती, पण पगार वाढवून ती खेचता येईनात. विम्यासारख्या सोयी पगारात धरल्या जाणार नाहीत असं ठरलं आणि कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. पुढे १९५४च्या करकायद्याने त्या रकमेवर कर्मचाऱ्याला कर लागणार नाही हे पक्कं केलं. म्हणजे कंपनीचा विमा हा पगाराचाच एक तुकडा आहे. तुम्ही हिशेब विभागात आहात, तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. पगार म्हणून दिला असता तर त्यावर कर आला असता. विमा म्हणून दिला आणि कर माफ झाला, तर तेवढी रक्कम सरकारी तिजोरीत येत नाही, आणि सरकारी रुग्णालयं चालतात ती त्याच तिजोरीवर. ब्रिटनमध्ये कंपनीने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरून त्यावर कर घेतात, शिवाय विम्याच्या हप्त्यावर १२ टक्के वेगळा कर आहे. तेव्हा मसुद्यात करसवलत असेल, तर "स्वतःचे पैसे" हा मुद्दा तिथेच संपतो. जिथे सगळ्यांचा पैसा लागलाय तिथे सगळ्यांच्या वतीने अटी घालता येतात.

दुसरा गट म्हणतो, बंदच करा. त्यांची कळकळ मला समजते, माझं मनही त्यांच्याच बाजूला झुकतं. पण बंदी कशावर, हे त्यांना नीट विचारा. कंपनीचा विमा दोन वेगळी कामं करतो आणि आपण दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो. एक काम भर घालण्याचं: सरकारी सेवेत जे मिळत नाही, म्हणजे दात, चष्मा, घरी घ्यायची औषधं किंवा रुग्णाच्या वाट्याला आलेला खर्चाचा हिस्सा, ते देणं. दुसरं काम रांग टाळण्याचं: जे ऑपरेशन सरकारी रुग्णालयात होणारच आहे, तेच लवकर आणि दुसरीकडे करून घेणं. कॅनडात नोकरीतून मिळणारा विमा मुख्यतः पहिल्या प्रकारचा आहे. रुग्णालय आणि डॉक्टर यांचा खर्च सरकारी योजना करते, आणि काही प्रांतांत त्याच सेवांसाठी खासगी विमा विकायलाच मनाई आहे. क्विबेक प्रांतातल्या अशा बंदीच्या विरोधात मात्र २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल गेला, चार विरुद्ध तीन मतांनी. सरकारी रांगेत माणूस इतका वेळ थांबत असेल की जिवावर बेतेल, तर त्याला दुसरा मार्ग बंद करणं प्रांताच्या हक्कांच्या सनदेत बसत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. बंदी टिकवायची तर आधी रांग सुसह्य करावी लागते, हे त्यातून मला कळलं. तुमच्या बहिणीच्या वॉर्डात सात महिने लागत असतील, तर आजच्या आज बंदीची मागणी करणं धाडसाचं होईल.

मग लिहायचं काय? मी तुम्हाला एक प्रसंग सांगते.

लेखनाकडे वळण्याआधी अठरा वर्षं मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होते. नोकरी सोडणाऱ्यासाठी आमच्याकडे एक छापील फॉर्म असायचा. ओळखपत्र, लॅपटॉप, कपाटाची किल्ली, विमा कार्ड, असे रकाने, आणि प्रत्येकासमोर माझी सही. एकदा एका विभागातली माणसं कमी केली, त्यात पन्नाशीतले एक गृहस्थ होते. त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं, कंपनीच्या विम्यावर, एका खासगी केंद्रात. त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं, किल्ली ठेवली. कार्ड तळहाताखाली धरून ते म्हणाले, "हे आज रात्री बारापर्यंत चालतं ना?" कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांची पाळी होती. नियम पॉलिसीतच लिहिलेला होता: नोकरीचा शेवटचा दिवस संपला की विमा संपला. मी हो म्हटलं आणि त्या रकान्यासमोर सही केली.

त्यांना सरकारी रुग्णालयाने घेतलं. सरकारी रुग्णालय घेतंच, त्यासाठीच ते असतं. पण तिथे त्यांची फाइल नव्हती, यंत्राच्या वेळापत्रकात त्यांची जागा नव्हती, रक्ताचे सगळे तपास पुन्हा करावे लागले. मधल्या दिवसांत अंगावर सूज चढून ते आणीबाणीच्या विभागातून आत गेले. नवा वैयक्तिक विमा घ्यायचा तर अर्जातल्या "आधीपासूनचे आजार" या रकान्यातच गाडी अडायची. ते धडधाकट होते तेव्हाचे सगळे हप्ते विमा कंपनीच्या पदरात पडले होते. खर्चिक वर्षं सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यांना मोकळं केलं गेलं, आणि पुढचा सगळा भार सरकारी सेवेवर आला.

म्हणून माझं मत असं आहे की नियम लिहायला कार्ड देण्याच्या दिवसापासून सुरुवात करू नये, कार्ड परत घेण्याच्या दिवसापासून करावी. कंपनीचा विमा कुठे संपतो तिथे बोट ठेवा. तो तीन ठिकाणी संपतो: नोकरी सुटते तेव्हा, आजार गुंतागुंतीचा होतो तेव्हा, आणि माणूस म्हातारा होतो तेव्हा. तिन्ही ठिकाणी खाली झेलायला सरकारी सेवा उभी असते. तिच्या भरवशावरच वरचा विमा स्वस्त राहतो, आणि त्याची किंमत तिला कुणी देत नाही.

यातलं काही स्वप्नरंजन नाही, असे नियम चालू आहेत. फ्रान्समध्ये सरकारी आरोग्य विम्याच्या जोडीला पूरक विमा देणं २०१६च्या १ जानेवारीपासून खासगी कंपन्यांना सक्तीचं आहे आणि निदान अर्धा हप्ता कंपनीने भरायचा असतो. नोकरी गेली आणि माणूस बेकारभत्त्याला पात्र असेल, तर तो विमा कमाल बारा महिने, जितकी नोकरी झाली त्या प्रमाणात, त्याला एक पैसाही न भरता चालू राहतो. खर्च कुठून? नोकरीत असलेल्यांच्या हप्त्यातच तो आधीपासून मिसळलेला असतो. निवृत्त होणाऱ्याला तोच विमा पुढे चालवायचा हक्क १९८९च्या कायद्याने दिला आहे आणि पहिल्या वर्षांत हप्ता किती चढवायचा यालाही मर्यादा आहे. ब्राझीलमध्ये १९९८च्या कायद्यानुसार, हप्त्यात स्वतःचा वाटा भरणाऱ्या कर्मचाऱ्याला विनाकारण काढलं, तर जितका काळ वाटा भरला त्याच्या एक तृतीयांश काळ, पण किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं, तो विम्यात राहू शकतो. पूर्ण हप्ता मात्र त्याला स्वतः भरावा लागतो. अमेरिकेतही १९८६ पासून वीस किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांत नोकरी सुटल्यावर साधारण अठरा महिने विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के कार्यालयीन खर्च. ज्याचा पगार नुकताच थांबलाय त्याला हे कितपत झेपणार? फ्रान्सची पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते, आणि त्या गृहस्थांच्या हातात कार्ड राहिलं असतं तर ते त्याच पद्धतीने.

आता आजार गुंतागुंतीचा होतो तेव्हाचं. तुमचं ऑपरेशन सुरळीत झालं, छानच झालं. पण समजा चौथ्या रात्री पित्त आत झिरपलं असतं, ताप चढला असता, आणि त्या छोट्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग नसता, तर रुग्णवाहिकेने तुम्हाला कुठे नेलं असतं? बहुधा बहिणीच्याच रुग्णालयात. सोपं ऑपरेशन आणि त्याचं बिल एकीकडे राहिलं असतं, अवघड भाग आणि त्याचा खर्च दुसरीकडे गेला असता. ब्राझीलच्या त्याच कायद्याच्या ३२व्या कलमात यावर तोड आहे, आणि मला ती फार आवडते. खासगी योजनेच्या सभासदाने करारात बसणारा उपचार सरकारी यंत्रणेत घेतला, तर विमा कंपनीने तो खर्च सरकारी यंत्रणेला भरून द्यायचा. रुग्णाला काही भरावं लागत नाही, त्याला दारातून परतही पाठवत नाहीत. नियामक संस्था रुग्णालयांच्या नोंदी आणि सभासदांची यादी एकमेकांशी ताडून पाहते आणि नोटीस थेट विमा कंपनीला जाते. कंपन्या कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. वसुली रेंगाळते, हप्ते थकतात, हे खरं. पण हिशेबाच्या वहीत हे देणं म्हणून लिहिलं जातं. तुमच्या मसुद्यात असं कलम आहे का ते बघा. नसेल तर ते मागणारे पहिले तुम्ही असा.

आणि आता बहिणीचं वाक्य: "सकाळी ते आमच्याकडे असतात."

विम्याने पैसा येतो, त्याने नवी इमारत उभी राहते, यंत्रं येतात. सर्जन मात्र पैसा आला म्हणून पुढच्या महिन्यात तयार होत नाही, त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. भूलतज्ज्ञाचंही तेच. म्हणजे निदान काही वर्षं तरी दोन्हीकडची माणसं तीच असतात आणि त्यांचे दिवसाचे तास तेवढेच असतात. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी मोफत सेवा सुरू झाली तेव्हा आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांना तज्ज्ञ डॉक्टरांना सोबत घेण्यासाठी खासगी प्रॅक्टिसची मुभा द्यावी लागली, सरकारी रुग्णालयांत पैसे भरणाऱ्यांच्या खाटाही ठेवाव्या लागल्या. ती तडजोड नसती तर सेवा कदाचित सुरूच झाली नसती, म्हणून त्यांना मी दोष देणार नाही. पण हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिलाय. आयर्लंडमध्ये तर एकाच सरकारी रुग्णालयात विमेवाला आणि बिनविम्याचा असे दोन रुग्ण वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकत. तिथे २०२३ पासून तज्ज्ञांसाठी नवा करार आला: जो तो स्वीकारतो, त्याला सरकारी रुग्णालयात खासगी रुग्ण बघता येत नाहीत. पगार वाढवून दिला, तास ठरवून घेतले. ठरलेल्या तासांनंतर बाहेर काय करायचं ते करा, पण सरकारी तास सरकारी रुग्णांचे.

या बाबतीत मसुद्यात विमा कंपन्यांबद्दल पानंच्या पानं असतील आणि डॉक्टरांच्या तासांबद्दल एक ओळही नसेल, अशी मला भीती आहे. कारण विम्याचा नियामक वेगळा, आरोग्य खातं वेगळं, आणि दोघेही म्हणतात की हे दुसऱ्याचं काम. ती ओळ तुम्ही लिहा. विमा कंपनी ज्या तज्ज्ञाला पैसे देते, तो सरकारी सेवेतही असेल तर त्याचे दोन्हीकडचे तास एकाच नोंदवहीत दिसले पाहिजेत, एवढं साधं मागा.

ग्रुप पॉलिसीच्या सवलतीबद्दल थोडक्यात. तुमच्या मंडळात कुणीतरी म्हणेल की आम्ही एकगठ्ठा घेतो म्हणून स्वस्त पडतं, नियम आले तर महागेल. नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूळ आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि तो खासगी कंपन्याच विकतात. गटाने घेणाऱ्यांना तिथे दहा टक्क्यांपर्यंत सूट देता यायची. तपासल्यावर दिसलं की गटामुळे उपचारांचा खर्च फारसा वाचत नव्हता. आधी हप्ता चढवायचा आणि मग त्यातून सूट द्यायची, असं चाललं होतं, आणि भुर्दंड गटाबाहेरच्यांना. सूट २०२० मध्ये पाच टक्क्यांवर आणली आणि २०२३ पासून मूळ विम्यावर बंदच केली. तेव्हा सवलत कुठून येते हे विमा कंपनीने दाखवावं, ही मागणी अगदी वाजवी आहे. ती दाखवता येत नसेल तर कुणीतरी बाहेरचा ती भरतोय.

म्हातारपणाबद्दल आयर्लंडचाच आधार घ्या. तिथे कायद्याने प्रकृती बघून हप्ता कमी-जास्त करता येत नाही, अर्ज नाकारता येत नाही, एकदा घेतलेला विमा कंपनी बंद करू शकत नाही. ज्या कंपनीकडे वयस्क आणि आजारी माणसं जास्त, तिला सामायिक निधीतून भरपाई मिळते. उलट, पस्तिशीच्या आत विमा घेतला नाही तर पुढे घेताना उशिराच्या प्रत्येक वर्षामागे हप्ता दोन टक्के जास्त भरावा लागतो, हा नियम २०१५ पासून आहे. हे सगळं तुमच्या मसुद्यात एका दमात येणार नाही. पण कंपनीचा विमा सुटल्यावर त्याच विमा कंपनीने, नव्याने तपासणी न लावता आणि प्रतीक्षाकाळ, म्हणजे आधीच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतचा काळ, पुन्हा शून्यापासून न मोजता, वैयक्तिक विमा दिला पाहिजे, एवढं तरी येऊ शकतं.

मंडळातल्या दोन्ही गटांना हे पटेल का? पहिल्या गटाला सांगा की नोकरी कुणाचीही सुटू शकते, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात ते कार्ड आहे. दुसऱ्याला सांगा की बंदीची घोषणा फेटाळून लावणं सोपं असतं, खर्च भरून देण्याचं कलम फेटाळताना मात्र कारण द्यावं लागतं. आणि मत दोन पानांच्या आत ठेवा. खात्यातल्या ज्या माणसाच्या टेबलावर ते जाईल, त्याच्याकडे असे शेकडो कागद असतील. सुरुवातीलाच एका माणसाची गोष्ट येऊ द्या, तुमच्याच कंपनीतल्या, नाव न देता. अशी गोष्ट तुमच्या मनुष्यबळ विभागात नक्की असेल. ज्यांनी सह्या केल्या त्यांना विचारा.

पाठवण्याआधी कच्चा मसुदा घेऊन बहिणीकडे जा. माफी मागायला नको, तशी तिची अपेक्षाही नसावी. तिला तीन गोष्टी विचारा: ऑपरेशन थिएटर दुपारी किती वाजता बंद होतं, ते कुणाअभावी बंद होतं, आणि खासगीतून अर्धवट अवस्थेत आलेले रुग्ण महिन्याला साधारण किती असतात. ही उत्तरं तुमच्या मंडळात कुणाकडेच नाहीत. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाऊ नका, तिला आधी झोपू द्या.

तुमची ताई